आडनावाप्रमाणे यादी: माजी विद्यार्थी सूचीच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५

शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघणार, तिच्या मागच्या भागात माजी विद्यार्थ्यांची सूची असणार आणि ती आडनावाप्रमाणे लावलेली हवी. दिवाळीच्या फराळाला समितीतली मंडळी घरी आली आणि जाताना हे काम माझ्या गळ्यात टाकून गेली. "तू अकाउंट्सवाली, एक्सेल तुझ्या हातचं. अर्ध्या तासाचं काम."

फाइल उघडली. बाराशेच्या आसपास ओळी, नावाचा एकच कॉलम, त्यात अख्खं नाव. सॉर्ट दाबलं की सगळे अनिल एका जागी, सगळ्या सुनीता एका जागी. आडनाव नावाच्या पोटात आहे, ते बाहेर काढून स्वतःच्या कॉलममध्ये बसवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

फाइल तीन ठिकाणांहून जमली आहे. एक भाग शाळेच्या जनरल रजिस्टरवरून क्लार्कने टाइप केलेला. दुसरा गूगल फॉर्ममधून, लोकांनी स्वतः भरलेला. तिसरा वेगवेगळ्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून उचलून चिकटवलेला. प्रत्येकाची नाव लिहायची तऱ्हा निराळी, म्हणून 'स्रोत' असा एक कॉलम आधी वाढवला. कुठली खोड कुठून आली हे त्यावरून कळेल.

बाकी आज तयारी तेवढी. कच्ची शीट तशीच ठेवून प्रत काढली. प्रतीत पहिल्या कॉलममध्ये मूळ क्रमांक घातले, तेही फॉर्म्युल्याने नाही, थेट आकडे. पुढे कितीही उलथापालथ झाली तरी या कॉलमवर सॉर्ट केलं की यादी होती तशी परत मिळते. मधे मधे सेल मर्ज करून लिहिलेले बॅचचे मथळे होते ते काढले. मर्ज केलेले सेल असले की एक्सेल सॉर्ट करायला सरळ नकार देतं. बॅचचं वर्ष प्रत्येक ओळीत वेगळं भरलं.

(या नोंदींतली पूर्ण नावं मी नमुन्यादाखल रचलेली आहेत, कोणा माणसाची नाहीत. आडनावं आणि त्यांचे घोळ मात्र खरे.)

२८ ऑक्टोबर

शेवटचा शब्द वेगळा काढायचा. शाळेच्या कॉम्प्युटरवर जुनं एक्सेल आहे, म्हणून जुनाच उपाय: सब्स्टिट्यूटने नावातल्या प्रत्येक स्पेसच्या जागी शंभर स्पेस घालायच्या (त्या रिप्ट बनवून देतं), मग राइटने उजवीकडची शंभर अक्षरं उचलायची आणि ट्रिमने आजूबाजूची मोकळी जागा छाटायची. "सुनील रामचंद्र जाधव" मधून "जाधव" तेवढा उरतो. दिसायला विचित्र, पण मधे किती शब्द आहेत याची त्याला फिकीर नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे टेक्स्टआफ्टर या एका फंक्शनने होतं: स्पेस हा विभाजक आणि उणे एक हा आकडा दिला की शेवटच्या स्पेसच्या पुढचं सगळं मिळतं. माझ्या घरच्या लिबरऑफिसमध्ये (एक्सेलसारखाच मोफत प्रोग्राम) रेगेक्स आहे, म्हणजे मजकुराचा नमुना सांगून तो शोधणारं फंक्शन. गूगल शीट्समध्ये रेगेक्सएक्स्ट्रॅक्ट.

भाच्याने गूगल शीट्ससाठी फॉर्म्युला पाठवला. इंग्रजी नावांवर पळाला, मराठी प्रत्येक ओळीवर एरर. त्याने 'शब्दातलं अक्षर' या अर्थाची उलटी तिरकी रेघ आणि बारका डब्ल्यू वापरला होता. गूगल शीट्सच्या लेखी त्या खुणेत ए ते झेड, आकडे आणि अंडरस्कोर एवढेच येतात. देवनागरी त्यात बसतच नाही. त्याऐवजी 'स्पेस सोडून काहीही, ओळीच्या शेवटापर्यंत' असं लिहिलं, चाललं. इंटरनेटवरचे तयार फॉर्म्युले मराठी यादीला लावण्याआधी "शिंदे" आणि "क्षीरसागर" यांच्यावर चालवून बघावेत.

समितीतल्या एकांचा सल्ला: टेक्स्ट टू कॉलम्स करा, म्हणजे प्रत्येक शब्द वेगळ्या कॉलममध्ये जाईल, आणि तिसरा कॉलम आडनावाचा धरा. नाव, वडील, आडनाव, झालं. पण फॉर्ममध्ये कित्येकांनी वडिलांचं नाव घातलेलंच नाही, तिथे आडनाव दुसऱ्या कॉलममध्ये. काही नव्या बॅचवाले आईचंही नाव लावतात, तिथे ते चौथ्यात. राज्य सरकारने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हाच क्रम ठरवला आहे. ती मुलं आमच्या यादीत यायला वेळ आहे, पण शब्द डावीकडून मोजायचा विचार सोडून दिलेला बरा.

फ्लॅश फिलही करून पाहिलं. एक्सेल २०१३ पासून आहे: शेजारच्या कॉलममध्ये दोनचार आडनावं हाताने लिहायची आणि कंट्रोल-ई. झटकन भरतं. पण ते अंदाज बांधतं, आणि कुठल्या ओळीवर अंदाज चुकला ते सांगत नाही. वर मूळ नावात दुरुस्ती केली तर भरलेलं आडनाव जुनंच राहतं. पन्नास ओळींच्या यादीला ठीक.

३० ऑक्टोबर

बरीचशी नावं फॉर्म्युल्याला दाद देईनात. आडनावाच्या जागी अख्खं नाव येत होतं. डोळ्यांना स्पेस दिसते, पण ती साधी नाही. न तुटणारी स्पेस आहे, कोड १६०. वर्डमधून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात ती येते. ट्रिम तिला हात लावत नाही. क्लीनही लावत नाही, ते पहिल्या बत्तीस कोडांची, म्हणजे ओळ तोडणाऱ्या वगैरे खुणांची, सफाई करतं. सब्स्टिट्यूटने कॅरॅक्टर १६० च्या जागी साधी स्पेस घातली आणि बाहेरून ट्रिम लावलं.

त्यानंतर टिंबं. "रा.गो.भिडे" हे सगळं जोडून लिहिलेलं, त्यामुळे तो एकच शब्द. प्रत्येक टिंबापुढे स्पेस घातली. शेवटी टिंब असलेली ("पाटील."), स्वल्पविराम असलेली, आणि कंसात टोपणनाव असलेली नावं वेगळी काढली. "(अण्णा)" हे कोणाचं आडनाव नसतं, पण फॉर्म्युल्याप्रमाणे आमच्याकडे अण्णा आडनावाचं मोठं घराणं निघालं होतं.

श्री., सौ., डॉ., ॲड., प्रा., कॅप्टन हे सगळं 'उपाधी' नावाच्या वेगळ्या कॉलममध्ये हलवलं. शेवटचा शब्द काढताना त्यांचा त्रास नाही, पण एका आडनावातल्या माणसांचा क्रम पहिल्या नावाने लावायचा तेव्हा सगळे डॉक्टर एकत्र येऊन बसतात. "कै." देखील तिथेच. छापताना तो लागेल.

१ नोव्हेंबर

जनरल रजिस्टरवरून आलेला भाग आडनावापासून सुरू होतो: "जाधव सुनील रामचंद्र". दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव असंच असतं, मतदार यादीतही बऱ्याचदा असंच, त्यामुळे फॉर्म भरणाऱ्यांतही पुष्कळांनी सवयीने आडनाव आधी लिहिलं आहे. या सगळ्यांचा शेवटचा शब्द म्हणजे वडिलांचं नाव. पहिल्या फेरीत रामचंद्र, शंकर, दत्तात्रय ही आडनावं म्हणून यादीत मिरवत होती.

रजिस्टरचा भाग सोपा, स्रोतावरून कळतो. तिथे पहिला शब्द घ्यायचा. फॉर्मवाल्यांचा क्रम माणसागणिक बदलतो. त्यासाठी रजिस्टरच्या भागातून आडनावांची वेगळी यादी केली, डुप्लिकेट काढून. मग प्रत्येक नावाला काऊंटइफने दोन प्रश्न: पहिला शब्द त्या यादीत आहे का, शेवटचा आहे का? शेवटचाच असला तर क्रम नेहमीचा. पहिलाच असला तर आडनाव आधी. दोन्ही असले किंवा एकही नसला तर 'बघा' असा शिक्का. शिक्क्याच्या ओळी पिवळ्या केल्या.

गावातली घराणी बरीचशी ठरलेली असल्यामुळे रजिस्टरमधल्या आडनावांनी यादीचा मोठा भाग उरकला. शहरातल्या मोठ्या कंपनीची यादी असती तर ही युक्ती एवढी फळली नसती.

२ नोव्हेंबर

पिवळ्या ओळी घेऊन समितीत बसले. निवृत्त मराठीच्या बाई, मुख्याध्यापक, आणि जवळजवळ प्रत्येक घर ओळखणारे शाळेचे जुने शिपाईकाका. आजच्या बैठकीत सर्वांत जास्त कामाला आले ते काका.

दोन शब्दांची आडनावं. "नाईक निंबाळकर" चा शेवटचा शब्द निंबाळकर, पण आडनाव ना पासून सुरू होतं. दोन्हीकडे न च असल्यामुळे चूक चटकन नजरेत येत नाही. "राजे भोसले", "सूर्यवंशी पाटील", "गावडे पाटील" यांच्यात मात्र अंतर मोठं. आणि नियम काही नाही: एका घरात पाटील ही पाटीलकी सांगणारी जोड, खरं आडनाव गावडे; दुसऱ्या घरात कागदोपत्री पाटीलच, गावडे फक्त गावात ओळखायला. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. जिथे त्यांनाही खात्री नव्हती तिथे फोन.

दोन शब्दांची आडनावं 'सूचीसाठी आडनाव' या कॉलममध्ये हाताने टाइप केली. फॉर्म्युल्यात अपवाद कोंबत बसले नाही. फॉर्म्युल्याचा कॉलम वेगळा, हाताने लिहिलेला वेगळा, आणि तिसऱ्या कॉलममध्ये: हाताने लिहिलेलं असेल तर ते घे, नसेल तर फॉर्म्युल्याचं. सॉर्ट या तिसऱ्यावर. हे तीन कॉलम केल्यापासून काम हलकं झालं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय एका सेलमध्ये मावतो.

पहिल्या नावातली तोडलेली शेपटंही आज दिसली: "बाळा साहेब", "माधव राव", "अनुसया बाई". आडनाव शेवटी असलं तर बिघडत नाही. आडनाव आधी लिहिलेल्या "कदम माधव राव" मध्ये काऊंटइफने वाचवलं.

५ नोव्हेंबर

माजी विद्यार्थिनी. समितीतला सगळ्यांत लांबलेला विषय, आणि एक्सेलचा त्याच्याशी संबंध नाही.

रजिस्टरमध्ये त्या माहेरच्या नावाने आहेत. फॉर्ममध्ये बहुतेकींनी सासरचं नाव लिहिलं आहे, त्यात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आणि आमच्या आधीच्या पिढीत काहींचं पहिलं नावही लग्नात बदललेलं. म्हणजे रजिस्टरमधली एक मुलगी आणि फॉर्ममधली एक बाई यांच्यात एकही शब्द सारखा नसू शकतो. जुळवायला जन्मतारीख आणि बॅच हाताशी होती म्हणून जमलं. ती नसती तर एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी छापल्या गेल्या असत्या.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, आज जे कायदेशीर नाव आहे तेच छापावं. माझं म्हणणं वेगळं. या सूचीचा उपयोग वर्गमैत्रिणीने वर्गमैत्रीण शोधण्यासाठी, आणि तिला शाळेतलं आडनाव आठवतं. पस्तीस वर्षांनी एखादी पुणे किंवा ठाण्याहून येईल आणि "आमच्या वर्गातली ती शेलार" शोधेल. तिचं सासरचं आडनाव माने की मोहिते हे तिला कुठून ठाऊक असणार? बाई माझ्या बाजूने होत्या.

मधला मार्ग निघाला. मुख्य नोंद जिला जे नाव हवं त्याखाली. दुसऱ्या आडनावाखाली एक ओळ, "पाहा" असं लिहून. यासाठी शीटमध्ये त्या व्यक्तीची दुसरी ओळ तयार करायची, तिच्या सूचीच्या आडनावात दुसरं आडनाव आणि शेवटच्या कॉलममध्ये 'पाहा' ही खूण. सॉर्ट झाल्यावर ती आपोआप जागेवर जाते. ज्यांनी दोन्ही आडनावं जोडचिन्हाने लिहिली आहेत, "जोशी-केळकर" सारखी, त्यांची मुख्य नोंद पहिल्या आडनावाखाली आणि 'पाहा' दुसऱ्याखाली.

कोणाला काय हवं हे विचारायला फोन करावे लागणार. बॅचवार वाटून दिले. काहींनी सांगितलं, माहेरचं छापा, सासरी कोणी ही पुस्तिका उघडणार नाही. एकीने दोन्ही नकोत म्हटलं, नुसतं पहिलं नाव. ती ज्या अक्षराने सुरू होते त्या अक्षराखाली तसंच.

८ नोव्हेंबर

आडनाव हा साचाच ज्यांना बसत नाही अशी नावं.

"शेख" घरात आधी लावतात, शाळेच्या कागदांवर शेवटी गेलेला असतो. "पठाण", "सय्यद" यांचंही तसंच. दोन्ही रूपांत ते काऊंटइफला सापडतात, कारण आडनावांच्या यादीत आहेत. पण शेख आडनावाखाली मोठा गट होतो आणि त्यातल्या काहींना ते आडनाव वाटत नाही, ते पुढचं कुळनाव सांगतात. विचारलं, सांगतील तसं हाताच्या कॉलममध्ये.

साखर कारखान्याच्या वसाहतीतली मुलं आमच्याच शाळेत होती. त्यातल्या तमिळ घरांत आडनाव नाहीच, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव. "व्ही. सुब्रमण्यम" मध्ये शेवटचा शब्द त्याचं स्वतःचं नाव आहे आणि सूचीत तेच बरोबर. उत्तरेकडच्या घरांत "सुनीता देवी", "राजेश कुमार": देवी आणि कुमार हे शेवटचे शब्द खरे, आडनावं नव्हेत. ही सुनीता स खाली, राजेश र खाली. 'देवी' आणि 'कुमार' फिल्टर करून सगळ्या ओळी हाताने पाहिल्या; ज्यांचं कुमार खरोखर आडनाव म्हणून लागतं त्यांना राहू दिलं.

रोमन लिपीत भरलेले फॉर्म मराठीत आणायचं कामही आज संपवलं. ऑनलाइन लिप्यंतराने पहिला हात मारला, पण के-ए-एल-ई म्हणजे काळे, काले की कळे हे कुठलंही मशीन सांगू शकत नाही. राणे आणि राने तसंच. परत फोन. रोमन तशीच ठेवली असती तर ती सगळी नावं अ च्याही आधी एका गठ्ठ्यात गेली असती.

११ नोव्हेंबर

सॉर्ट केल्यावर "बोऱ्हाडे" दोन ठिकाणी. मधे दुसरी आडनावं. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे.

लेन या फंक्शनने अक्षरांची लांबी मोजली. एकाची ८, दुसऱ्याची ९. आठवाला ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलेला: ब, ओकार, ऱ, हलन्त, ह, आकार, ड, एकार. नऊवाल्यात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी खूण). दोन्हींनी अर्धचंद्रासारखा तोच र उमटतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते वेगळे शब्द. तिसरी तऱ्हाही असते, र आणि खाली नुक्ता. तिची लांबी पण ९ येते, म्हणून नुसत्या लांबीवर विसंबून भागत नाही. कुठल्या कीबोर्डवरून टाइप झालं त्यावर हे अवलंबून.

हा जॉइनर नुसता पुसून टाकायचा नाही. पुसला की र चा रफार होतो आणि "बोर्हाडे" उमटतं. आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं, मगच उरलेले भटके जॉइनर काढायचे. एक्सेलमध्ये जॉइनर हवा तर युनिकॅर ८२०५. गोऱ्हे, बऱ्हाटे, कऱ्हाडकर, वऱ्हाडपांडे सगळे एका झटक्यात सरळ झाले.

याच जातीचं आणखी एक: "ॲड." ही उपाधी काही ओळींत निघाली नव्हती. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणारं मानक) २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या सवयीने लोक अ वर चंद्र देऊन लिहितात, दिसतं तेच. दोन्ही रूपं शोधली.

ऱ्हस्वदीर्घाचं काय करायचं हा प्रश्न वेगळा. "पाटिल" आणि "पाटील" दोन गट होतात, ऱ्हस्व आधी. इथे बाईंचा निर्णय घेतला: टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त, पण माणूस स्वतः तसं लिहीत असेल तर हात लावायचा नाही. "कुळकर्णी" ला "कुलकर्णी" करायचा आपल्याला अधिकार नाही. साळुंखे, साळुंके यांनाही आपापल्या जागी राहू दिलं.

१३ नोव्हेंबर

जुन्या मेळाव्याची यादी कोणीतरी आणून दिली, पेन ड्राइव्हवर. उघडली तर मराठी छान दिसतंय. फॉन्ट बदलला आणि सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं. युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल. अशा फाइलीत सॉर्ट केलं तर क्रम त्या मागच्या रोमन खुणांचा लागतो, शिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. त्यामुळे शिंदे, निकम, पिसाळ, हिरवे सगळे वेलांटीच्या एकाच गटात. आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं, जोडाक्षरं नजरेखालून घातली, मग मुख्य यादीत मिसळलं. बहुतेक नावं आपल्याकडे होतीच, वारलेल्यांची काही नवीन मिळाली.

१६ नोव्हेंबर

आता क्रम. बाईंनी छापून दिलेली चार पानं पेन्सिल घेऊन तपासली.

पहिली खूण क्षीरसागर वर. तो क च्या शेवटी, कौ च्याही मागे जाऊन बसला होता. युनिकोडच्या हिशोबात क्ष हे एक अक्षर नाहीच. क, हलन्त, ष अशी तीन आहेत, आणि हलन्त सगळ्या मात्रांनंतर येतो. वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी. दुसरी खूण काळे वर. कोडांच्या रांगेत ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे, वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे काळे हे काशीद आणि कासार यांच्या आधी आले होते.

सॉर्टच्या पर्यायांत भाषा निवडता येते, पण ही फाइल शाळेच्या एक्सेलमध्ये, माझ्या लिबरऑफिसमध्ये आणि गूगल शीट्समध्ये अशी तिन्हीकडे उघडली जाणार. तिघांनी एकच क्रम द्यावा म्हणून क्रम मीच शीटमध्ये लिहून ठेवला. वेगळ्या शीटवर वर्णमाला आणि प्रत्येक अक्षराचा नंबर. आडनावाची पहिली तीन अक्षरं 'क्ष' असतील तर ९८, 'ज्ञ' असतील तर ९९, नाहीतर पहिल्या अक्षराचा नंबर त्या तक्त्यातून. सॉर्ट आधी या नंबरावर. त्रिभुवन आणि श्रोत्री आपापल्या त आणि श मध्येच राहिले, बाईंनाही तसंच हवं होतं.

ळ ने सुरू होणारं आडनाव नाही, तो मधेच येतो. त्यासाठी एक आडनावाची लपवलेली प्रत केली आणि तिच्यात प्रत्येक ळ च्या जागी 'हहह' घातलं. "काळे" तिथे "काहहहे" आहेत, पण ते कोणाला दिसत नाही. सॉर्ट त्या प्रतीवर होतो, छापलं जातं खरं आडनाव. ह नंतर आकार-उकार असलेल्या आडनावांपुढे ही पळवाट तोकडी पडते, अशी जी दोनचार होती ती बाईंच्या पेन्सिलीने जागेवर नेली.

अनुस्वाराला आम्ही हात लावला नाही. कांबळे हे काकडे यांच्या आधी येतात. बाई म्हणाल्या, असू दे, शोधणाऱ्याला का सगळाच बघावा लागतो.

मग आडनावाच्या आतला क्रम. पाटील, शिंदे, जाधव यांची पानंच्या पानं आहेत. सॉर्टचे स्तर: अक्षराचा नंबर, लपवलेलं आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव, बॅच. आडनाव आधी लिहिलेल्या ओळींत पहिलं नाव दुसऱ्या शब्दात आहे, त्यामुळे 'पहिलं नाव' हाही स्वतंत्र कॉलम काढला. नावही तेच आणि वडिलांचं नावही तेच अशा पाटलांच्या जोड्या निघाल्या. तिथे गाव छापलं जातंय म्हणून निभावलं.

सॉर्ट करताना पूर्ण टेबल निवडायचं. नुसता एक कॉलम निवडून सॉर्ट केलं तर एक्सेल विचारतं, शेजारचे कॉलम पण घेऊ का? घाईत 'नको' म्हटलं की नावं हलतात आणि फोन नंबर जागच्या जागी राहतात. फाइल आता चारजणांच्या हातात आहे, म्हणून सॉर्टचे पाच स्तर कागदावर लिहून शाळेच्या कॉम्प्युटरशेजारी चिकटवले.

२२ नोव्हेंबर

फोन करून जवळजवळ सगळे पिवळे सेल पुसले गेले. गूगल फॉर्मही बदलला: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव (ऐच्छिक), शाळेत असतानाचं आडनाव, आणि "सूचीत कोणत्या आडनावाखाली हवं?" असे वेगळे रकाने. उशिरा येणाऱ्यांना यापुढे फॉर्म्युला लागणारच नाही. मराठीतच भरा अशी सूचना वर ठळक घातली, तरी दोघांनी रोमनमध्ये भरलंच.

२९ नोव्हेंबर

छापखान्यात गेले. त्यांचं पान लावायचं सॉफ्टवेअर जुनं, त्यांना मजकूर त्यांच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये हवा. हरकत नाही, क्रम लागून झालेला आहे; रूपांतर करा पण त्यानंतर तुमच्याकडे सॉर्ट करू नका, एवढं दोनदा बजावलं. फॉर्म्युल्यांचे कॉलम काढून फक्त मूल्यं चिकटवलेली वेगळी फाइल दिली, सोबत पीडीएफ, म्हणजे ताडून बघता येईल.

प्रुफात काय तपासायचं तेही ठरलं: सगळे ऱ्ह, सगळे क्ष आणि ज्ञ, जोडचिन्हाची आडनावं, आणि प्रत्येक 'पाहा' ची ओळ जिथे पाठवते तिथे ती व्यक्ती खरंच आहे का. शेवटचं काम बाई आणि काका मिळून करणार आहेत. काकांनी चष्मा बदलायला टाकला आहे, तो मंगळवारी मिळेल.

३ डिसेंबर

पहिलं प्रूफ आलं. क्ष चा मथळा पानाच्या तळाला आणि क्षीरसागर पुढच्या पानावर. तो वर ढकलायला सांगितला. दोन बोऱ्हाडे रूपांतरात परत रफाराचे झाले आहेत, लाल शाईने खुणा केल्या. फॉर्मवर कालपासून नवी नावं आली आहेत, ती 'पुरवणी' म्हणून शेवटच्या पानावर, वेगळी सॉर्ट करून. मुख्य यादी आता उघडायची नाही असं समितीत ठरलं. दुबईतल्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन लागत नाही, तिचं मोहिते की घोरपडे हे तेवढं बाकी आहे.